१९६६ चा नायजेरियातला उठाव: 'काय घडलं'च्या आधी 'कोणाच्या माणसांनी केलं' असं का विचारतात?

इकेजाकर

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त काही वर्षं लागोसला आहे. इथे येण्याआधी बियाफ्राच्या (१९६७ मध्ये नायजेरियातून फुटून निघालेला आणि १९७० पर्यंतच्या यादवी युद्धात हरलेला पूर्व प्रांत) उपाशी मुलांचे जुने फोटो पाहिले होते, त्यापलीकडे या देशाच्या इतिहासाची काही माहिती नव्हती. इथे कारखान्यात दुपारच्या जेवणाला योरुबा, इग्बो, हौसा, उर्होबो, इबिबियो सगळे एका टेबलावर बसतात. फुटबॉल, पेट्रोलचे भाव, पोरांची लग्नं, सगळ्यावर हसतखेळत बोलणं होतं. फक्त १५ जानेवारी १९६६ चा विषय निघाला की टेबल दुभंगतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या रात्री काही तरुण मेजरांनी लष्करी उठाव केला. पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा, उत्तर प्रांताचे प्रीमियर अहमदू बेल्लो (सोकोटोचे सरदौना) आणि पश्चिम प्रांताचे प्रीमियर अकिंतोला मारले गेले. अर्थमंत्री ओकोटी-एबोही गेले. लेफ्टनंट कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्याचे सात अधिकारी मारले गेले: चार उत्तरेचे, दोन योरुबा, एक इग्बो. पूर्व प्रांताचे इग्बो प्रीमियर ओकपारा वाचले. इग्बो राष्ट्राध्यक्ष अझिकिवे देशाबाहेर होते. उठाव फसला आणि सत्ता आली लष्करप्रमुख अगुयी-इरोन्सींकडे. तेही इग्बो.

यातला एकही तपशील कोणी नाकारत नाही. तरी निष्कर्ष मात्र तीन निघतात. उत्तरेचा सहकारी म्हणतो, 'हा इग्बोंचा कट होता, मेलेल्यांची यादी बघा.' इग्बो सहकारी म्हणतो, 'उठाव दडपला कोणी? लागोसमध्ये इरोन्सींनी, कानोत तिथले लष्करी अधिकारी ओजुक्वूंनी. दोघेही इग्बो.' योरुबा सहकारी म्हणतो, 'कट करणाऱ्यांत आमचा अदेमोयेगा होता आणि त्यांना तुरुंगातले योरुबा पुढारी अवोलोवो यांना सोडवून पंतप्रधान करायचं होतं.' प्रत्येक जण खरं बोलतो आणि दुसऱ्याच्या खऱ्याला उत्तर देत नाही.

माझं मत असं. ही नुसती जातीय आंधळेपणाची गोष्ट नाही. राज्यसंस्थेने त्या वर्षाचा हिशेब कधी मांडलाच नाही, म्हणून प्रत्येक घराने आपापली वही ठेवली. त्या वहीत आपल्या घरचे मृत लिहिलेत, शेजारचे नाहीत. ज्यांचा माणूस गेला त्यांना वही फेकून द्या असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पण मग या इतिहासावर बोलायचं तरी कसं? जाणकारांनी लिहावं.

मुक्ता_वाचते

वाचतेय. विषय छान निवडलात. एक शंका: नायजेरियात अडीचशेच्या वर समाज आहेत म्हणतात. मग वाद नेहमी तिघांचाच का? बाकीचे कुठे गेले?

खडकीवाला

इकेजाकर, या गोष्टीचा एक धागा आमच्या पुण्यातून जातो, तो नोंदवून ठेवतो.

ओलुसेगुन ओबासांजो, पुढे दोनदा नायजेरियाचे प्रमुख झालेले, १९६५ मध्ये भारतात शिकायला होते. आधी वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, मग पुण्यात लष्करी अभियांत्रिकी. जानेवारी १९६६ मध्ये ते कडुनाला (उत्तर प्रांताची राजधानी) परतले आणि थोड्याच दिवसांत उठाव झाला. कडुनातल्या उठावाचा म्होरक्या मेजर न्झेओग्वू हा त्यांचा जिवलग मित्र. ओबासांजो योरुबा, न्झेओग्वू इग्बो. पुढे युद्धात दोघे समोरासमोरच्या बाजूंना गेले. न्झेओग्वू जुलै १९६७ मध्ये न्सुक्काच्या आघाडीवर बियाफ्राकडून लढताना मारला गेला, तर जानेवारी १९७० मध्ये बियाफ्राची शरणागती स्वीकारायला ओबासांजो पुढे होते. त्यांनी नंतर या मित्राचं चरित्र लिहिलं.

आणखी एक. कडुनाची नायजेरियन डिफेन्स अकादमी १९६४ मध्ये आपल्या सैन्याच्या मदतीने उभी राहिली. पहिले कमांडंट ब्रिगेडियर वर्मा, भारतीय. आमच्या आधीच्या पिढीतले काही अधिकारी तिथे शिकवून आले होते. ते सांगायचे की वर्गात कॅडेट एकमेकांना गाव विचारत नसत. आणि दोन वर्षांत ही वेळ आली.

न्झेओग्वूबद्दल एवढं लक्षात घ्या: तो जन्मला कडुनात, हौसा अस्खलित बोलायचा, आणि त्या रात्री त्याच्या हुकमाखाली गेलेल्या तुकडीत उत्तरेचे जवान होते. मूळ गाव ओकपानाम, ते पूर्व प्रांतात नाही, मध्य-पश्चिमेत. 'इग्बो मेजर' एवढ्यावर तो माणूस संपत नाही.

शिरीष_सांगली

मूळ लेख वाचून वाटलं की सगळा दोष नायजेरियन लोकांच्या आठवणींवर टाकला जातोय. हे तीन कप्पे कोणी पाडले? १९१४ मध्ये लुगार्डने उत्तर आणि दक्षिण एकत्र जोडले, पण कारभार वेगळाच ठेवला. उत्तरेत अमीरांच्या मार्फत राज्य, मिशनरी शाळांना अटकाव. दक्षिणेत शाळाच शाळा. १९६० मध्ये स्वातंत्र्य आलं तेव्हा कारकून, शिक्षक, रेल्वेचे बाबू दक्षिणेचे, त्यातही इग्बो भरपूर, आणि लोकसभेत बहुमत उत्तरेचं. प्रत्येक प्रांताचा एकच मोठा समाज आणि त्याचा एकच पक्ष: उत्तरेत एनपीसी, पश्चिमेत ॲक्शन ग्रुप, पूर्वेत एनसीएनसी. हे घर बांधतानाच भिंतीत सुरुंग ठेवला होता. मेजर निमित्त झाले.

इकेजाकर

शिरीषजी, ब्रिटिशांचा भाग मान्य, पूर्ण मान्य. पण एक धोका सांगतो. इथे जेवणाच्या टेबलावर वाद फार तापला की कोणीतरी 'सगळं गोऱ्यांनी केलं' म्हणतं आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. कारण मग कोणालाच उत्तर द्यावं लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर १९६६ मध्ये उत्तरेतल्या शहरांत हजारो इग्बो मारले गेले. रेल्वे स्टेशनांवर, साबोन गारी म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या वस्त्यांत, ओळखीच्या शेजाऱ्यांकडून आणि गणवेशातल्या सैनिकांकडून. दहा लाखांवर माणसं पूर्वेला पळाली. हे लुगार्डने येऊन केलं नाही.

मुक्ताताई, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. त्यावर सविस्तर लिहितो.

बंड्या_बिनधास्त

मंडळी, इतकं सगळं कळत नाही, मला एका वाक्यात सांगा: इग्बो उठाव होता की नव्हता? हो किंवा नाही. 😄

(आमच्या ऑफिसात एक नायजेरियन मित्र आहे. तो म्हणतो सगळे नायजेरियन फक्त एकाच वेळी एक होतात, घानावाले 'आमचा जॉलॉफ भात जास्त चांगला' म्हणाले की.)

वकीलबाबू

बंड्या, कोर्टात असा प्रश्न आला तर मी हरकत घेईन, कारण एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत.

एक, हेतू काय होता? कटवाल्यांनी स्वतः सांगितलं ते भ्रष्टाचार, १९६४ ची केंद्रीय निवडणूक, १९६५ ची पश्चिमेची निवडणूक आणि त्यानंतर तिथे पेटलेली जाळपोळ. अवोलोवोंना सोडवायचा बेत होता असं अदेमोयेगांसारख्या सहभागी माणसाचं म्हणणं आहे.
दोन, परिणाम काय झाला? मेलेल्यांची यादी एका बाजूला झुकलेली आहे, हे डोळ्यांनी दिसतं.
तीन, त्यानंतर सरकारने काय केलं? इरोन्सींनी मेजरांना तुरुंगात टाकलं, पण कोर्ट मार्शल केलं नाही.

उत्तरेचा माणूस दुसऱ्या-तिसऱ्यावरून पहिला सिद्ध करतो. इग्बो माणूस पहिल्यावरून दुसरा पुसून टाकतो. दोन्ही युक्तिवाद माझ्या मते टिकत नाहीत. हेतू जातीय नसताना परिणाम जातीय होऊ शकतो, आणि ज्याच्या दारात प्रेत आलं त्याला हेतूची चर्चा ऐकवून भागत नाही.

सुलभाताई

वकीलबाबूंच्या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं.

आमचे हे १९७० च्या दशकात उत्तर नायजेरियात शिक्षक होते. १९७६ ला तिथे सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना आली, तेलाचा पैसा होता, भारतातून खूप शिक्षक गेले. मी कानोत संसार केला. तेव्हा युद्ध संपून फार काळ झाला नव्हता.

उत्तरेची बाजू मराठीत कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. सरदौनांना तिथे नुसता पुढारी म्हणून मानत नसत. त्यांच्याकडे सोकोटो राज्याचे संस्थापक उस्मान दान फोदियो यांचा वंशज, घरातलं वडीलधारं माणूस म्हणून बघत. त्यांना त्यांच्या घरात मारलं, त्यांची पत्नीही त्यात गेली. कडुनातच ब्रिगेडियर अदेमुलेगुन आणि त्यांच्या गरोदर पत्नीला मारलं. माझ्या शेजारची हौसा बाई हे सांगताना आवाज खाली आणायची. हे झालं जानेवारीत, आणि मे महिन्यात इरोन्सींचा ३४ क्रमांकाचा हुकूम आला: प्रांत रद्द, सगळी सरकारी नोकरशाही एक. दिल्लीत बसून वाचलं तर हे एकात्मतेचं पाऊल वाटेल. उत्तरेत, जिथे पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, तिथे लोकांनी त्याचा अर्थ लावला की आता आपल्या कचेरीत, आपल्या कोर्टात, आपल्या शाळेत सगळीकडे दक्षिणेचेच साहेब येणार. म्हणूनच सरदौनांनी आधी नोकऱ्यांचं 'उत्तरीकरण' चालवलं होतं: आधी उत्तरेचा माणूस, तो नसेल तर करारावरचा परदेशी, आणि मग दक्षिणेचा नायजेरियन. आमच्यासारख्या परदेशी शिक्षकांना तिथे सहज जागा मिळत गेली त्यामागे हाही विचार होता, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं.

यातून कत्तलीचं समर्थन होत नाही. एकाही बाळाच्या जिवाचं होत नाही. पण भीती खरी होती एवढं सांगायचंय.

मुक्ता_वाचते

सुलभाताई, धन्यवाद. असे प्रतिसाद वाचायला मी इथे येते.

नैरोबीची_निशा

केनियातून सलाम. इथेही असंच आहे, फक्त प्रश्न वेगळा: 'स्वातंत्र्य कोणी आणलं?'

किकुयू घरात विचारा, उत्तर येईल माउ माउ. जंगलात आम्ही लढलो, १९५२ ते १९६० ची आणीबाणी आम्ही सोसली, छावण्यांत आम्ही कुजलो. लुओ घरात विचारा, ते ओगिंगा ओडिंगांचं नाव घेतील: ब्रिटिश सत्ता द्यायला निघाले होते, पण केन्याटा सुटल्याशिवाय सरकार नको म्हणणारा माणूस आमचा. आणि मग १९६९: ५ जुलैला लुओ मंत्री टॉम म्बोयांची भर नैरोबीत हत्या, ऑक्टोबरमध्ये किसुमूत जमावावर गोळीबार, ओडिंगा स्थानबद्ध. लुओ आठवणीत स्वातंत्र्याची गोष्ट तिथेच तुटते.

पण किकुयूंमध्येही एकमत कुठे आहे? जंगलात गेलेले किकुयू होते आणि ब्रिटिशांच्या होमगार्डमध्ये गेलेलेही किकुयूच. जमिनी बऱ्याचशा दुसऱ्या गटाकडे राहिल्या. माउ माउवरची बंदी उठायला २००३ साल उजाडलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षं! माउ माउचे सेनानी किमाथी यांचा पुतळा २००७ मध्ये उभा राहिला. ब्रिटिश सरकारने २०१३ मध्ये खेद व्यक्त करून पाच हजारांवर वृद्धांना भरपाई दिली, तेव्हा कित्येक जण देवाघरी गेले होते.

'आमच्या समाजाने स्वातंत्र्य आणलं' या वाक्याखाली त्याच समाजातली गरीब-श्रीमंताची भांडणं झाकली जातात. इकेजाकर, तुमच्याकडेही असं असेल, शोधून बघा.

पणजीकर

निशा, केनियाचा विषय काढलात तर पियो गामा पिंटोंचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. गोवेकर घरातला नैरोबीचा मुलगा. शिकायला भारतात आला, गोवामुक्तीच्या चळवळीत पडला, पोर्तुगीज पकडतील म्हणून केनियाला परतला. तिथे कामगार संघटना, वृत्तपत्रं, माउ माउच्या लढवय्यांना मदत. १९५४ मध्ये ब्रिटिशांनी पकडलं आणि कित्येक वर्षं अटकेत ठेवलं. स्वातंत्र्यानंतर ते संसदेत गेले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत घराच्या फाटकाजवळ, मोटारीत लहान मुलगी बसलेली असताना, गोळ्या घालून मारलं. स्वतंत्र केनियातली ही पहिली मोठी राजकीय हत्या.

आता मूळ विषयाशी संबंध. म्बोयांसाठी लुओ रस्त्यावर आले. पिंटोंसाठी कोण येणार? त्यांना समाजच नव्हता, मतदारसंघाच्या अर्थाने म्हणतोय. गोवेकर मूठभर आणि धास्तावलेले. जो इतिहास समाज आपापल्या बळावर जपतात, त्यात ज्याला समाज नाही तो माणूस मागे पडतो. २००८ मध्ये टपाल तिकीट निघालं खरं, पण तोवर शाळेतल्या किती मुलांना नाव ठाऊक होतं?

संपादक_३

चर्चा छान चालू आहे. आपल्याकडच्या इतिहासाच्या वादांशी तुलना करणारे दोन प्रतिसाद स्वतंत्र धाग्यात हलवले आहेत. इथे कृपया आफ्रिकेपुरतं ठेवावं.

इकेजाकर

पणजीकर, हे मला नव्हतं माहीत. मुक्ताताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत, उरलेलं मी देतो.

बियाफ्रा म्हणजे इग्बो असं आपण बोलतो, पण पूर्व प्रांतात इग्बो नसलेले लाखो लोक होते: इबिबियो, एफिक, इजाव, ओगोनी. आणि तेलाच्या बऱ्याचशा विहिरी त्यांच्याच जमिनीत. १९५६ मध्ये तेल सापडलं ते ओलोइबिरी इजावांचं. फेब्रुवारी १९६६ मध्ये, इरोन्सींच्या राज्यात, आयझॅक अडाका बोरोने नायजर डेल्टाचं स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं, ते बारा दिवस टिकलं. म्हणजे बियाफ्राच्या वर्षभर आधी फुटायचा पहिला प्रयत्न इजावांनी केला, आणि तो इग्बो वर्चस्वाच्या भीतीपोटी. पुढे युद्धात बोरो केंद्राकडून लढला आणि १९६८ मध्ये मेला. लेखक केन सारो-विवाही ओगोनी, युद्धात केंद्राच्या बाजूला. त्याच केंद्राने १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्याला फासावर दिलं.

उलट बाजूही बघा. बियाफ्राचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, शरणागतीच्या कागदावर सही करणारा फिलिप एफिओंग, हा इबिबियो. बियाफ्राकडून ऑगस्ट १९६७ मध्ये मध्य-पश्चिमेत सैन्य घेऊन शिरलेला व्हिक्टर बांजो योरुबा. त्याला पुढच्याच महिन्यात बियाफ्रानेच गोळ्या घातल्या, आणि त्याच्यासोबत कोणाला? तर १५ जानेवारीच्या उठावाचा लागोसमधला सूत्रधार इफेआजुना, जो इग्बो! १९५४ च्या व्हँकुव्हरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उंच उडीत सुवर्णपदक जिंकलेला खेळाडू. 'इग्बो कट' म्हणणाऱ्यांच्या आणि 'इग्बो राष्ट्र' म्हणणाऱ्यांच्या, कोणाच्याच गोष्टीत हा माणूस बसत नाही. म्हणून दोघेही त्याचं नाव घाईघाईने ओलांडतात.

तिघांचाच वाद का, तर गोष्ट तिघांची ठेवली की सोपी राहते.

बंड्या_बिनधास्त

आता मी हो-नाही विचारणार नाही. इफेआजुनावर एक स्वतंत्र लेख लिहाच, इकेजाकर साहेब.

शिरीष_सांगली

मुद्द्यावर मात्र अजून असहमत. 'सरकारने हिशेब मांडला नाही म्हणून समाजांनी मांडला' हे तुमचं म्हणणं अर्धंच पटतं. माझ्या मते हे वाद जिवंत राहतात कारण त्यांच्यावर आजचा वाटा ठरतो. १९६२ ची जनगणना रद्द करावी लागली, १९६३ च्या आकड्यात ५ कोटी ५६ लाख लोक निघाले आणि त्यातले निम्म्याहून जास्त उत्तरेत, म्हणून पूर्वेचं सरकार कोर्टात गेलं. १९७३ चीही रद्द. २००६ मध्ये धर्म आणि समाज विचारलाच नाही, तरी कानो ९४ लाख आणि लागोस ९० लाख म्हटल्यावर लागोसने आपला आकडा पावणेदोन कोटी सांगितला. त्यानंतर आजतागायत जनगणना नाही. १९७९ च्या घटनेपासून केंद्रातल्या नेमणुकांत सर्व भागांना स्थान हवं असं तत्त्व आहे. ज्या देशात वाटा समाजावर ठरतो, तिथे 'आमच्यावर जास्त अन्याय झाला' हे सिद्ध करणं ही रोजच्या पोटाची बाब होते. इतिहासाच्या पुस्तकाने ते थांबणार नाही.

वकीलबाबू

शिरीष, तुमचं आणि इकेजाकरांचं दोन्ही खरं असू शकतं. हिशेब मांडायचा एक प्रयत्न झाला होता. १९९९ मध्ये लोकशाही परतल्यावर ओबासांजोंनी न्यायमूर्ती ओपुटांचा आयोग नेमला. कार्यकक्षा नेमकी १५ जानेवारी १९६६ पासून १९९९ पर्यंत. लोक टीव्हीवर साक्षी बघत बसायचे. पण माजी लष्करी राष्ट्रप्रमुख हजर झाले नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००२ मध्ये दिलेला अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. ज्या घरांनी तिथे जाऊन आपलं दुःख बोलून दाखवलं, त्यांच्या हाती काय पडलं? याचा मला मनापासून राग येतो.

सुलभाताई

आणि शाळेतून इतिहास हा विषयच काढून टाकला होता ना? माझ्या जुन्या शेजारणीच्या नातवाला बियाफ्रा माहीत नव्हतं.

इकेजाकर

हो ताई. २००९ च्या सुमारास खालच्या वर्गांतून स्वतंत्र विषय म्हणून इतिहास गेला, पुढे मोठी ओरड झाल्यावर परत आणायचं ठरलं. मधली पिढी घरातून आणि मोबाईलवरून शिकली. माझ्या विभागातला पंचविशीचा इंजिनियर अवोलोवोंवर तासभर भांडू शकतो, पण वर्गात त्याबद्दल एक ओळ वाचलेली नाही.

अवोलोवोंचं सांगतो, कारण योरुबा-इग्बो वादाचा गाभा तोच आहे. युद्धात ते केंद्राचे अर्थमंत्री होते. जानेवारी १९६८ मध्ये चलन बदललं, बियाफ्राकडचा जुना पैसा कागद झाला. नाकेबंदीत माणसं, विशेषतः मुलं, उपासमारीने गेली. एकूण मृतांचे अंदाज दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. युद्धानंतर 'कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही' ही इरोन्सींनंतर राष्ट्रप्रमुख झालेल्या गोवन यांची घोषणा झाली आणि त्याच वेळी बँकेत कितीही रक्कम असो, ज्यांची खाती युद्धकाळात वापरली गेली त्यांच्या हाती २० पौंड टेकवले. १९७२ मध्ये परदेशी कंपन्यांचे भाग नायजेरियनांना विकायचा कायदा आला तेव्हा विकत घ्यायला इग्बोंकडे पैसा नव्हता. इग्बो लेखक चिनुआ अचेबेंनी २०१२ मध्ये आपल्या आठवणींत अवोलोवोंवर थेट ठपका ठेवला आणि इथे रान पेटलं. योरुबा म्हणाले: ज्याने योरुबा मुलांना मोफत शिक्षण दिलं त्याला खुनी म्हणता? अवोलोवोंचं स्वतःचं उत्तर १९८३ मधलं आहे: पाठवलेलं अन्न सैनिक लुटून खात होते, म्हणून थांबवलं. यावर माझं मत स्पष्ट आहे. सैनिक लुटत असले तरी मुलांचं अन्न थांबवण्याचा निर्णय माणूस घेतो, आणि त्याची जबाबदारी त्या सरकारवर राहते, फक्त अवोलोवोंवर नाही. गोवन प्रमुख होते, ते उत्तरेच्या अल्पसंख्य न्गास समाजातले ख्रिस्ती. पण त्यांच्यावर इतकं कोणी चिडत नाही. कारण भांडण शेजाऱ्याशी असतं. लागोसमध्ये अलाबाचा बाजार, कॉम्प्युटर व्हिलेज, दुकानं इग्बोंची आणि शहर योरुबांचं. २०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत इग्बो उमेदवार पीटर ओबींनी लागोस जिंकलं आणि लगेच 'लागोस कोणाचं' हा वाद पेटला. त्या वादात १९५१ सुद्धा निघालं.

नैरोबीची_निशा

१९५१ मध्ये काय झालं?

इकेजाकर

पश्चिम प्रांताच्या सभागृहाची निवडणूक. इग्बो आठवण अशी: झिक म्हणजे अझिकिवे बहुमताने निवडून येणार होते, पण योरुबा सदस्यांनी ऐनवेळी पक्ष बदलून 'आमच्या प्रांतात इग्बो प्रमुख नको' केलं. ॲक्शन ग्रुपची बाजू अशी: इबादानच्या स्थानिक पक्षाचे ते सहा सदस्य झिकच्या एनसीएनसीचे नव्हतेच, त्यांनी कोणाकडेही जावं. त्या सहांतले पाच ॲक्शन ग्रुपकडे गेले. सहावा अडेगोके अडेलाबू, पक्का इबादानचा योरुबा, झिकबरोबर राहिला. पुन्हा तेच, गोष्टीत न बसणारा माणूस.

पणजीकर

एक विचारतो, बदल होताना दिसतो का काही?

मुक्ता_वाचते

मी बातमी वाचली होती. इब्राहिम बाबांगिदांनी २०२५ मध्ये आत्मचरित्र काढलं, त्यात १९६६ चा उठाव हा निव्वळ इग्बो उठाव नव्हता असं लिहिलं. हे उत्तरेतले माजी लष्करी राष्ट्रप्रमुख, म्हणून गाजलं. इग्बो संघटनांनी स्वागत केलं, उत्तरेत नाराजी.

वकीलबाबू

तेच बाबांगिदा ओपुटा आयोगासमोर आले नव्हते. आयोगात शपथेवर बोलले असते तर उलटतपासणी झाली असती. पुस्तकाची उलटतपासणी होत नाही. तरी बोलले ते बरंच झालं.

खडकीवाला

इकेजाकरांनी पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं, 'बोलायचं कसं?' त्याकडे वळतो. माझा अनुभव सैन्यातला आहे, इतिहासाचा नाही. पण एक नाव सुचवतो: अडेकुन्ले फाजुयी. पश्चिम प्रांताचे लष्करी गव्हर्नर, योरुबा. २९ जुलै १९६६ ला उत्तरेच्या सैनिकांनी इबादानात इरोन्सींना घेरलं. फाजुयी यजमान होते. योरुबा सांगतात की पाहुण्याला एकटं जाऊ देणार नाही म्हणून ते बरोबर गेले. काही जण म्हणतात त्यांनाही घ्यायचंच ठरलं होतं. ते काहीही असो, एक योरुबा आणि एक इग्बो अधिकारी त्या रात्री एकाच ठिकाणी मारले गेले. तुमच्या टेबलावर तिघांपैकी कोणाला उनेग्बे माहीत आहे विचारा, जानेवारीत मारला गेलेला इग्बो क्वार्टरमास्टर जनरल. इग्बोंना तो आपल्या बचावासाठी आठवतो. उत्तरेच्या लोकांना?

इकेजाकर

खडकीवाला काका, आज विचारलं.

उत्तरेच्या सहकाऱ्याला, झारियाचा आहे तो, उनेग्बे ठाऊक नव्हता. त्याने मोबाईलवर शोधलं आणि बराच वेळ वाचत बसला. मग त्याने इग्बो सहकाऱ्याला विचारलं, 'तुला पाम माहीत आहे?' लेफ्टनंट कर्नल जेम्स पाम, जोस पठाराकडचे, ख्रिस्ती, त्याच रात्री मारले गेले. त्याला माहीत नव्हते. 'उत्तरेचे चार' या आकड्यात ते त्याने कायम मोजले होते, पण मुसलमान समजून.

मग आमच्या असाबाच्या (मध्य-पश्चिमेतलं इग्बो गाव) सुपरवायझरने तोंड उघडलं. तो या वादात कधीच बोलत नाही. ऑक्टोबर १९६७ मध्ये केंद्राच्या सैन्याने असाबात पुरुषांना आणि पोरांना एका जागी आणून गोळ्या घातल्या. गावकरी 'एक नायजेरिया' म्हणत, नाचत स्वागताला गेले होते. त्याचे आजोबा त्यात गेले. त्या डिव्हिजनचे प्रमुख मुर्तला मोहम्मद. इथल्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे आणि २० नायराच्या नोटेवर त्यांचाच चेहरा. गोवन यांनी नंतर असाबाची माफी मागितली, तेवढं तो म्हणाला. झारियाच्या सहकाऱ्याने त्याला गावाचं नाव पुन्हा विचारलं आणि लिहून घेतलं.

शिरीषजी, यातून जनगणना होणार नाही आणि नेमणुकांचा वाटा बदलणार नाही, हे मान्य.

१९५१ आणि इफेआजुना, दोन्हींवर वेगळे धागे काढतो. सुलभाताई, कानोच्या आठवणी तुम्ही लिहाच. साबोन गारीत युद्धानंतर इग्बो परत आले तेव्हा त्यांची घरं-दुकानं त्यांना कशी मिळाली, ते मला तुमच्याकडून वाचायचंय.

सुलभाताई

लिहिते. बरीच घरं मिळाली होती, कोणीतरी भाडं जमा करून ठेवलेलं. पोर्ट हारकोर्टला मात्र इग्बोंच्या मालमत्ता 'सोडून दिलेल्या' ठरवून गेल्या. हे दोन्ही सांगायला हवं. रविवारी बसते लिहायला.